डार्कटेबलमध्ये फिल्मचा लूक: खऱ्या निगेटिव्हच्या शेजारी ठेवून बघितलं

आधी हे सांगते की डार्कटेबल कोणी खास फिल्म लूकसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर नाहीये. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो, डेव्हलप करायचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २००९ पासून चालू आहे, आधी लिनक्सवाल्यांचं होतं आणि २०१७ च्या शेवटी २.४ व्हर्जनपासून विंडोजवर पण आलं. त्यात फिल्मचं एक बटण दाबलं आणि फोटो जुना झाला असं काही होत नाही. तरी मी गेले आठ महिने फिल्मसारखे फोटो काढायला फक्त हेच वापरतेय आणि आता दुसरीकडे जायची इच्छा नाही, ते का ते लिहिते, जरा लांब होईल.

याआधी मी प्रिसेट पॅक विकत घेतले होते. एकाचं नाव घेत नाही, पण त्यात कोडॅकच्या पोर्ट्रा फिल्मच्या नावाचा प्रिसेट होता, तो जाहिरातीतल्या फोटोवर इतका सुंदर दिसत होता की मी लगेच घेतला, आणि माझ्या फोटोंवर टाकला तर एका फोटोत मस्त, दुसऱ्यात चेहरा हिरवट, तिसऱ्यात सावल्या एकदम राखाडी आणि मळकट. तेव्हा वाटलं आपल्यालाच जमत नाहीये. मग हळूहळू कळलं की प्रिसेट म्हणजे स्लायडरच्या ठरलेल्या जागा, त्याला तुमच्या फोटोचं एक्सपोजर (किती प्रकाश घेतला ते) माहीत नाही, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा हिशोब) माहीत नाही, ज्या फोटोवर तो बनवला त्याच्यासारखा फोटो असेल तर बसणार, नसेल तर नाही. आणि प्रिसेट विकत घेतले म्हणजे कायमचे आपले असंही नसतं, व्हीएस्सीओ कंपनीचे लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरसाठीचे फिल्म प्रिसेट एकेकाळी जो तो वापरायचा, ते २०१९ मध्ये बंद झाले.

मग एक दिवस ठरवलं की नुसतं डोळ्याला फिल्मसारखं वाटतं म्हणून नको, शेजारी खरी फिल्म ठेवूनच बघू. दुपारी खिडकीपाशी आईला बसवलं, मागे उन्हात पांढरा पडदा, बाजूला टेबल लॅम्प मुद्दाम चालू ठेवलेला, ट्रायपॉड एकाच जागी. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात पोर्ट्रा ४०० चा रोल होता, त्यावर चार फोटो, लगेच त्याच जागेवरून डिजिटलवर चार. दोन्हीकडे ५० एमएम. रोल धुवून आल्यावर निगेटिव्ह लाइट पॅनलवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानेच त्याचा फोटो काढला आणि डार्कटेबलमध्ये उघडला.

इथे पहिलं कौतुक. डार्कटेबलमध्ये निगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल, म्हणजे एका कामाचं वेगळं साधन, आहे, २०२० मध्ये ३.२ व्हर्जनला आलं, ते निगेटिव्हचा पॉझिटिव्ह करतं. नुसतं रंग उलटे करून भागत नाही, कारण रंगीत निगेटिव्हला तो नारिंगी मास्क, म्हणजे रंगाची झाक, असतो, तो नीट काढला नाही तर सगळं निळं पडतं. निगाडॉक्टरमध्ये पिकर घेऊन फ्रेमच्या बाहेरच्या रिकाम्या पट्टीवर ठेवायचा, त्याला फिल्मच्या बेसचा रंग कळतो आणि तो वजा होतो. पुढचे स्लायडर तर मला फार आवडले, पेपर ब्लॅक, पेपर ग्रेड, पेपर ग्लॉस, म्हणजे आपण डार्करूममध्ये कागद निवडतोय अशीच भाषा. वीसेक मिनिटांत आई स्क्रीनवर आली आणि मी ते बघत बसले, कारण इतके दिवस मी फिल्म लूक म्हणून जे करत होते, काळे फिके करायचे, सावलीत हिरवा टाकायचा, वरून ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, टाकायचा, त्यातलं जवळजवळ काहीच त्या निगेटिव्हमध्ये नव्हतं.

मग काय होतं? सगळ्यात आधी तो पडदा. निगेटिव्हमध्ये उन्हातल्या पडद्याची वीण दिसत होती, घडी दिसत होती, पांढऱ्याचे पाच-सहा प्रकार दिसत होते. डिजिटलच्या पहिल्या फोटोत तिथे सपाट पांढरा तुकडा, हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, उडालेले. डिजिटल सेन्सर प्रकाश सरळ रेषेत मोजत जातो आणि भरला की एकदम थांबतो, त्याच्या वरचं गेलं ते गेलं. निगेटिव्ह फिल्मचं तसं नाही, प्रकाश वाढत गेला की ती हळूहळू कमी कमी प्रतिसाद देते, वरच्या बाजूला तिचा कर्व्ह वाकतो, त्याला शोल्डर म्हणतात, खालच्या वाकणाला टो. हा कर्व्ह हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्येच मोजून मांडला होता, म्हणजे आपण ज्याला लूक म्हणतो त्याचा पाया तेव्हाच कागदावर होता. म्हणून फिल्मवाले सावलीकडे बघून एक्सपोजर ठरवतात आणि डिजिटलवर हायलाइट सांभाळावे लागतात. हे कुठलंही सॉफ्टवेअर नंतर दुरुस्त करू शकत नाही. माझे डिजिटलचे चार फोटो वेगवेगळ्या एक्सपोजरचे होते म्हणून बरं, त्यातला सगळ्यात अंडर, म्हणजे सगळ्यात कमी प्रकाश घेतलेला, जो कॅमेऱ्यावर बघून काळा वाटत होता, तोच शेवटी कामाला आला.

त्या अंडर फोटोवर डार्कटेबलचं सिग्मॉइड मॉड्यूल लावलं. आधी एक्सपोजर मॉड्यूलने चेहरा हवा तितका उजळ करायचा, पडदा तेव्हा पूर्ण पांढरा होतो, घाबरायचं नाही, कारण माहिती आत असते, आणि मग सिग्मॉइड तो वरचा सगळा प्रकाश हळूच वाकवून आत बसवतं. त्यात मोजून दोन मुख्य स्लायडर, कॉन्ट्रास्ट आणि स्क्यू, बस. त्याच्या आधीपासून फिल्मिक आरजीबी आहे, तेही याच कामाचं, पण त्यात इतके टॅब आणि इतके आकडे की नवीन माणूस हरवतो, माझं मत विचाराल तर सरळ सिग्मॉइड घ्या. आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली, सिग्मॉइडमध्ये रंग लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलवर वेगवेगळा प्रोसेस होतो आणि प्रिझर्व्ह ह्यू नावाचा स्लायडर आहे, तो कमी केला की उजळ भागातले रंग थोडे सरकतात, लॅम्पच्या उजेडातली त्वचा किंचित पिवळ्याकडे जाते. आधी मला ती चूक वाटायची. पण फिल्ममध्ये पण लाल, हिरवा, निळा यांचे थर वेगळे असतात आणि प्रत्येक थर आपापल्या कर्व्हने चालतो, म्हणून तिथेही असंच सरकतं, आणि तो पिवळेपणा माझ्या निगेटिव्हमध्ये लॅम्पच्या बाजूच्या गालावर अगदी स्पष्ट होता. मी स्लायडर चाळीसच्या आसपास ठेवते.

एवढं झाल्यावर, अजून ग्रेन नाही, रंग नाही, काहीच नाही, तरी फोटो निम्मा फिल्मसारखा दिसायला लागला होता. हे मला कुठल्याच प्रिसेट पॅकने सांगितलं नव्हतं.

आता रंग. त्यासाठी लट थ्रीडी मॉड्यूल आहे. लट म्हणजे एक मोठा तक्ता, हा रंग आला की तो द्यायचा, असा. डार्कटेबल .क्यूब फाइल घेतं आणि हॅल्डक्लटच्या, म्हणजे असा तक्ता चित्रात साठवलेल्या, पीएनजी फाइलपण घेतं. रॉथेरपी नावाच्या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरसाठी जमवलेला फिल्म सिम्युलेशनचा संग्रह आहे, त्यात कोडॅक, फुजी, इलफर्ड, पोलरॉइड सगळ्यांच्या फाइल आहेत, तोच इथेही चालतो. बारा लेव्हलची हॅल्डक्लट फाइल उघडून बघितली तर १७२८ बाय १७२८ पिक्सेलचं रंगीत गोधडीसारखं चित्र दिसतं, त्यात प्रत्येक चॅनलच्या १४४ पायऱ्या असतात, सगळं गणित त्या एका चित्रात. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते नाहीतर तासभर डोकं खाजवाल. एक, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन लटचं फोल्डर आधी दाखवून द्यावं लागतं, नाहीतर फाइल निवडताच येत नाही. दोन, मॉड्यूलमध्ये कलर स्पेस, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे ते, विचारतं, या संग्रहासाठी एसआरजीबीच ठेवायची, चुकीची निवडली तर रंग भडक नाहीतर धुतल्यासारखे होतात आणि आपण फाइलला दोष देत बसतो.

पण लटकडून काय अपेक्षा करायची ते ओळखून असावं. तो एक पिक्सेल बघतो आणि त्या पिक्सेलचा रंग बदलतो, शेजारी काय आहे ते त्याला दिसत नाही. त्यामुळे लटमधून ग्रेन येत नाही, दिव्याभोवतीची लाली येत नाही. आणि एक्सपोजर चुकीचं देऊन लट लावला तर तक्त्यातल्या भलत्याच रकान्यातले रंग येतात, माझ्या त्या विकतच्या प्रिसेटचा घोळ साधारण हाच होता. संग्रहात पोर्ट्रा ४०० च्याच तीन-चार आवृत्त्या आहेत, नावापुढे उणे किंवा अधिक चिन्ह, जितकी अधिक तितका परिणाम जास्त. मी उणेवाली घेते आणि तिचीही ओपॅसिटी (परिणाम किती लागू द्यायचा ते) ६० टक्के करते, कारण कर्व्हचं काम सिग्मॉइडने आधीच केलेलं असतं, वरून पूर्ण लट म्हणजे कॉन्ट्रास्टवर कॉन्ट्रास्ट.

ग्रेनवर मात्र मला सविस्तर बोलायचंय कारण सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. निगेटिव्ह १०० टक्के झूमला आईच्या गालावर आणि मग तिच्या केसांत आणि मग पडद्यावर असं फिरवून बघितलं. गालावर ग्रेन नीट दिसत होता, बारीक रव्यासारखा, पडद्याच्या उजळ भागात बराच कमी, केसांच्या अगदी काळ्या भागात जवळजवळ नाही. म्हणजे तो फोटोभर सारखा पसरलेला नसतोच. आपण टीव्हीच्या मुंग्यांसारखा एक थर सगळीकडे टाकतो आणि म्हणून तो वरून चिकटवलेला दिसतो. खऱ्या फिल्ममध्ये ग्रेन म्हणजेच फोटो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते चांदीचे कण असतात, रंगीतमध्ये डेव्हलप करताना चांदी काढून टाकतात आणि तिच्या जागी रंगाचे छोटे ढग उरतात, त्या ढगांनीच गाल बनलेला असतो.

डार्कटेबलच्या ग्रेन मॉड्यूलमध्ये फक्त तीन स्लायडर आहेत पण विचार करून दिलेत. कोर्सनेस आयएसओच्या भाषेत आहे, म्हणजे दाणा किती जाड ते फिल्मच्या स्पीडसारखं सांगायचं. स्ट्रेंथ म्हणजे किती. आणि तिसरा मिडटोन्स बायस, तो माझा सगळ्यात आवडता, शंभरवर ठेवला की ग्रेन फोटोग्राफिक पेपरवर दिसतो तसा मधल्या टोनमध्ये जास्त आणि दोन्ही टोकांना कमी, खाली आणला की सावल्या आणि हायलाइटमध्ये पण वाढतो. शंभरवर ठेवून गाल, केस, पडदा परत बघितलं आणि निगेटिव्हमध्ये जे क्रम होते तेच इथे, मला खरंच आनंद झाला. पोर्ट्रासाठी मी कोर्सनेस ८०० च्या आसपास आणि स्ट्रेंथ १२-१५ ठेवते. मॉड्यूल उघडल्यावर कोर्सनेस १६०० आणि स्ट्रेंथ २५ असते, ते मला अशा मऊ फिल्मसाठी फार वाटतं.

कमी कुठे पडतं तेही सांगते. हा ग्रेन फक्त उजळपणावर लागतो, रंगावर नाही. रंगीत निगेटिव्हमध्ये झूम केल्यावर दाण्यांत तांबूस, निळसर असे बारीक फरक दिसतात, ते इथे येत नाहीत. लांबून फरक कळत नाही, मोठी प्रिंट काढली आणि नाक लावून बघितलं तर कळतो. ब्लॅक अँड व्हाइटला हा प्रश्नच नाही, तिथे हा ग्रेन उत्तम बसतो. तिथे कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमध्ये इलफर्ड एचपी५ प्लस, फुजी अ‍ॅक्रॉस १०० अशा फिल्मच्या नावाचे तयार प्रिसेटपण आहेत, ते कुठला रंग किती उजळ राखाडी होणार एवढंच ठरवतात, बाकी कॉन्ट्रास्ट तुम्ही द्यायचा, आणि मला ते तसंच योग्य वाटतं.

आणि ग्रेन बघायचा तर १०० टक्क्यांवरच बघा, पूर्ण फोटो स्क्रीनवर मावतोय तेव्हा जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय फोटो छोटा करून एक्सपोर्ट केला की बारीक ग्रेन विरघळून जातो आणि वर जेपेगचं कॉम्प्रेशन उरलेल्याचे चौकोन करतं. मी एक्सपोर्ट केलेली फाइल परत उघडून बघते, दरवेळी.

हॅलेशन. हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे, दिव्याभोवती लाल कडं. प्रकाश फिल्मच्या थरांतून आरपार जातो, मागच्या बाजूवर आपटून परत येतो आणि येताना सगळ्यात आधी खालचा थर लागतो, तो लाल प्रकाशाचा, म्हणून कडं लाल-नारिंगी. हे होऊ नये म्हणूनच फिल्मला अँटी-हॅलेशन थर देतात. सिनेस्टिल ८०० टीमध्ये ते कडं इतकं दिसतं कारण ती कोडॅकची व्हिजन३ ५०० टी ही सिनेमाची फिल्म आहे आणि तिच्या मागचा काळा रेमजेट थर आधीच काढून टाकलेला असतो. माझ्या पोर्ट्राच्या निगेटिव्हमध्ये लॅम्पच्या कडेला काय होतं तर केसाएवढी नारिंगी रेघ, तीही झूम केल्यावर. पोर्ट्रा म्हणून टाकलेल्या फोटोंत प्रत्येक बल्बभोवती लाल फुगा बघितला की मला वाईट वाटतं, कारण त्या फिल्मने तो लपवायला एवढी मेहनत घेतलेली असते.

डार्कटेबलमध्ये हॅलेशन असं मॉड्यूल नाही, हे सरळ उणं आहे. डिहॅन्सरसारख्या प्लगइनमध्ये हॅलेशन आणि ब्लूम (उजळ भागाभोवती पसरणारी चमक) वेगवेगळे मिळतात, तिथे ते काम फार सोपं आहे, तुमचा सगळा जीव रात्रीच्या दिव्यांच्या फोटोंत असेल तर तेच बघा. इथे मी असं करते, रंग बदलायच्या कलर बॅलन्स आरजीबी मॉड्यूलचा दुसरा इन्स्टन्स, म्हणजे आणखी एक प्रत, घेते, पॅरामेट्रिक मास्कने, म्हणजे उजळपणा किंवा रंग बघून भाग निवडायच्या सोयीने, फक्त सगळ्यात उजळ भाग निवडते, मग मास्कचा ब्लर वाढवते म्हणजे मास्क दिव्याच्या कडेबाहेर सांडतो, आणि त्या सांडलेल्या भागात नारिंगी थोडासा वाढवते. पहिल्यांदा अर्धा तास गेला, आता दोन मिनिटं लागतात. जितकं छान वाटतंय त्याच्या निम्मं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी बघितल्यावर तेवढंच बरोबर वाटतं.

शिकायला वेळ लागतो, ते लपवण्यात अर्थ नाही. मॉड्यूल खूप आहेत, एकाच कामाची तीन-तीन आहेत, जुनी पण आहेत आणि नवी पण. मी क्विक अ‍ॅक्सेसमध्ये माझी सात-आठच ठेवलीत, बाकीकडे बघतच नाही. अजून एक, मॉड्यूल कुठल्या क्रमाने चालू केलं त्याने फरक पडत नाही, आतला क्रम ठरलेला असतो, हे माहीत नसेल तर सुरुवातीला गोंधळ होतो. डिफ्यूज ऑर शार्पनसारखी काही मॉड्यूल जड आहेत, ओपनसीएल चालणारं, म्हणजे असले हिशोब वेगात करणारं, ग्राफिक्स कार्ड असेल तर सुसह्य. मूळ फाइलला हात लागत नाही, सगळं बाजूच्या एक्सएमपी फाइलमध्ये जातं. आणि स्नॅपशॉट! डावीकडे स्नॅपशॉट घेऊन ठेवला की मधली रेघ सरकवत दोन फोटो तुलना करता येतात, निगेटिव्ह एका बाजूला आणि डिजिटल दुसऱ्या बाजूला ठेवून मी कितीतरी संध्याकाळी ती रेघ आईच्या चेहऱ्यावरून इकडून तिकडे नेलीय.

ज्यांना एडिटिंगच नको आणि कॅमेऱ्यातूनच तयार फोटो हवाय त्यांनी फुजीफिल्मचे क्लासिक क्रोम वगैरे सिम्युलेशन वापरावेत, ते छान आहेत, तिथे हा खटाटोप कशाला. डार्कटेबल त्यांच्यासाठी ज्यांना हे असं का दिसतं ते बघायचंय.

सगळं जमल्यावर स्टाइल, म्हणजे सेटिंगचा संच, म्हणून सेव्ह केलं, पण एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स त्यातून मुद्दाम काढून टाकले, ते दर फोटोला हातानेच. मग दोन्हीच्या सारख्याच साइझच्या प्रिंट काढल्या आणि काही न सांगता आईसमोर ठेवल्या. ती बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "अगं, दोन्ही एकाच दिवसाचे ना? मग या एकातलं झाड वेगळंच का दिसतंय?" खिडकीतल्या कुंडीकडे बोट. मी आठ महिन्यांत गाल बघितला, पडदा बघितला, दिवा बघितला, कुंडीकडे बघितलंच नव्हतं. खरंच, निगेटिव्हमधला हिरवा मऊ, पिवळसर होता आणि माझा थंड. कलर इक्वलायझरमध्ये हिरवा थोडा पिवळ्याकडे ढकलून बघितला, पानं जवळ आली पण तिच्या साडीचा मोरपंखी पण सरकला, तो तर बरोबर होता. आता पानांना वेगळा मास्क करून बघतेय. कॅमेऱ्यातल्या नव्या रोलवर अजून अकरा फोटो शिल्लक आहेत, ते सगळे झाडांचेच काढणार आहे, उन्हातली, सावलीतली, आणि प्रत्येकाच्या जोडीला डिजिटलवर एक.